मामांची जवळची लेन्स

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, लेकीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही मामांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मामा म्हणजे माझे सासरे. सांगलीत विश्रामबागला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, वर आमचं घर. मी माणची, दहिवडीच्या पलीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्याचीच धास्ती वाटायची — फोन उचलायचीसुद्धा. मामांनी एकदाही विचारलं नाही, किती शिकलीस. थेट कॅमेरा हातात दिला. रोल भरायला शिकवलं, लेन्स पुसायला शिकवलं — आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मलमल. एवढी नाजूक वस्तू माझ्या हातात तोवर कुणी दिलीच नव्हती.

त्यांच्या दोन लेन्स लय लाडक्या. लग्नाकार्यातली झूम — तिला ते 'लांबची' म्हणायचे. आणि मॅक्रो, ती 'जवळची'. जवळचीतून द्राक्षाच्या पानावरची भुरी रोगाची पांढरी पूड अशी दिसायची, जणू पिठाचा डोंगर सांडलाय. मामा तासगावकडच्या बागांत जाऊन पानांवरच्या रोगांच्या, किडींच्या स्लाइड काढायचे आणि बागायतदारांच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचे. लग्नं पोटासाठी, हे जिवासाठी. बागेत जायचं असलं की सकाळपासून गुणगुणत असायचे.

एका पावसाळ्यात जवळचीच्या आत बुरशी धरली, पांढरे बारीक धागे. पुण्याला पाठवू, मामा म्हणाले. मग एका दुपारी ते मिरजेला गेले आणि मी — थांबा, सांगते. वाटलं, आपणच साफ करून ठेवावी, मामा खूश होतील. एवढंच होतं मनात? थोडी शेखीही होती — नववीत सुटलेल्या पोरीलाही येतं, अशी.

कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने मागची गोल कडी फिरवली. काच बाहेर काढली, पुसली, लख्ख झाली. आणि मग कळेना, कुठली बाजू आत होती. दोन्हीकडून फुगीरच दिसत होती. अंदाजाने बसवली.

मामांनी लेन्स उजेडात धरून पाहिली. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हाक मारून दाखवली. सुनेचा हात बघा म्हणाले.

बागेतल्या पुढच्या स्लाइड धुऊन आल्या त्या सगळ्या भुरकट. प्रत्येक पानावर दुधाची साय धरल्यासारखी. लांबचीने काढलेलं लग्न मात्र स्वच्छ.

"लांबचं दिसतंय, जवळचंच गेलं," मामा म्हणाले. "चाळिशी लागली गं सुनबाई."

"आवं, पन्नाशी उलटली की. आता कसली चाळिशी लागतीय?" आत्याबाई म्हणाल्या. "चष्मा घ्या आन गप बसा."

ते हसले. चष्मा केला. लाव चष्मा, काढ चष्मा — जवळचीतून भुरकटच. सुनेने लख्ख केलेल्या लेन्सला मात्र त्यांनी कधी दोष दिला नाही. मी एकदा गुपचूप त्या लेन्समधून माझ्याच बोटाचं टोक पाहिलं. रेषांभोवती धुकं. तेव्हाच कळलं, काच उलटी बसलीय. फिरवायला किती वेळ लागला असता? पण मग एकाएकी दिसायला कसं लागलं, हे मामांनी ओळखलं असतं. त्यापेक्षा एक वाक्य सांगायचं होतं. मी नाही सांगितलं.

कशाला भ्याले? मामा रागावले असते? छे — ते हसले असते. 'अडाणी ती अडाणीच' हे माझ्याच कानात वाजत होतं. त्या घरात तसं कुणी कधी बोललंच नव्हतं.

महिन्याभराने बागायतदारांचा माणूस बोलवायला आला. मामांनी त्याला सांगितलं, आता दुसरं कुणीतरी बघा, माझी नजर गेली. मी चहा घेऊन दारात उभी होते. सगळं ऐकलं. चहा दिला.

त्यानंतर मामा बागेत गेले नाहीत.

पुढे नवऱ्याने चुलत्याच्या सोनं गाळायच्या दुकानात, कोइमतूरला जायचं ठरवलं. निघताना मामांनी ती लेन्स माझ्या हातात ठेवली. "तुझं डोळं तरणं हायत. जवळचं आता तू बघ." मी वाकून नमस्कार केला. कोइमतूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात काच उलटवून बसवली. बोटावरची रेघ न् रेघ दिसायला लागली.

लेकीने आता ती जोडणीच्या एका कडीवर नव्या कॅमेऱ्याला बसवून दिलीय. गच्चीतल्या मुंग्या, किडी मी काढते आणि मामांना फोनवर पाठवते. ते ऐंशीच्या पुढे गेलेत. आल्यागेल्याला दाखवतात. सांगतात, मला दिसेना झालं, पण माझ्या सुनेला दिसतंय.

गेल्या रविवारी मी कढीपत्त्यावरचं फुलपाखराचं अंडं पाठवलं. मोहरीएवढंही नसेल. लगेच त्यांचा फोन आला. आवाज थकलेला, पण खूश.

"एवढं बारीक मला कवाच दिसलं नसतं बघ," म्हणाले. "माझं डोळंच तसलं. व्हय का न्हाई?"

मी "व्हय" म्हणाले.