नादारीचा अर्ज

"तुमच्या भांड्यांना मी हात लावणार नाही. तूच काढ बाहेर. एकेक करून."

घरमालक अंगणात खुर्ची टाकून बसला होता. बाजूला कोर्टाचा बेलिफ, काखेत कागद. सकाळचे दहा वाजलेले. सगळ्या बाया नळावर. आणि मी माझीच भांडी खोलीतून आणून मातीवर मांडत होते. गंज, पाण्याची बादली, दोन थाळ्या, तवा. घरमालक काठीच्या टोकानं एकेक उलटून बघायचा.

मग म्हणाला, "अंथरूण पण आण."

अंथरुणावर माझा नवरा होता. टीबीनं वाळून गेलेला. त्याला उचलून भिंतीला टेकवलं आणि त्याच्या खालची गोधडी ओढली.  तो नुसता डोळे मिटून राहिला.

बेलिफनं सगळं बघितलं. खाली मान घालून म्हणाला, रांधायची भांडी आणि अंथरूण कायद्यानं जप्त होत नाही.

घरमालक म्हणाला, "मला माहीत आहे."

एवढंच. मग मला म्हणाला, सामान आत ने. मी पुन्हा येतो. तेव्हाही पैसे नसले तर तुला जेलात टाकतो.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही नाकाडोंगरीकडून भंडाऱ्याला आलो होतो. नवरा पितळी भांड्यांच्या कारखान्यात होता, मी सरकारी दवाखान्यात रोजंदारीवर आया. खोली शोधत पंधरा दिवस हिंडलो. जात विचारायचे. बौद्ध म्हटलं की खोली कालच गेलेली असायची. या घरमालकाकडे मिळाली. पण शेजारच्या खोलीला जे भाडं, त्याच्या दीडपट आम्हाला. वरून म्हणाला, दुसरीकडे विचारून बघा. त्याला ठाऊक होतं दुसरीकडे काय आहे ते. भाडेचिठ्ठी माझ्या नावानं केली, कारण दवाखाना सरकारी. नवऱ्यानं खाट धरली आणि त्याची कमाई थांबली. अकरा महिन्यांचं भाडं थकलं. कोर्टाचा समन्स आला तेव्हा मी भीतीनं गेलेच नाही. मग माझ्याविरुद्ध भाडेवसुलीचा हुकूम झाला.

त्या दिवसापासून मला जेल दिसायला लागला. वॉर्डात खाकी कपडा दिसला की मी पडद्याआड व्हायचे. एकदा पोस्टमन दारात आला तर मी मोरीत जाऊन बसले. मला नेलं तर आजारी नवऱ्याला पाणी कोण देईल, हाच एक विचार. जेवताना तो, झाडताना तो. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याच्या छातीत आधीच जागा नव्हती.

वॉर्डात पाय मोडलेले एक म्हातारे होते. कोर्टातले रिटायर्ड कारकून. मी त्यांची चादर बदलत होते, आणि हात थरथरत होते. त्यांनी विचारलं, बाई, बिमार आहेस का? मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले,

"पैशाच्या हुकमात बाईले अटकच होत नाही. कोणी सांगतलं तुले जेलाचं?"

मी चादर हातात घेऊन उभी राहिले. तीन महिने. तीन महिने मी मेल्यासारखी जगले होते, एका खोट्या बोलण्यापायी. ज्याला भांड्यांचा कायदा माहीत होता, त्याला हाही माहीत असणारच. भीती गेली नाही. पण तिच्याखाली काहीतरी पेटलं.

म्हातारे म्हणाले, जप्ती मात्र तो परत परत आणेल. वर्षानुवर्षं. ते थांबवायचं तर जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज कर. माझ्याजवळ काही नाही, मी देणं फेडू शकत नाही, मला नादार ठरवा, असं लिहून दे. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सातवी शिकलेली होते. घरातली एकूण एक वस्तू लिहायची होती. लुगडी किती, तेही.

तारखेच्या दिवशी मी वेळेआधी पोचले. कोर्टाच्या पायरीवर घरमालक भेटला. आज त्याचा आवाज गोड होता. अर्ज मागे घे म्हणाला. माझ्या घरी धुणीभांडी कर, भाडं वळतं करून घेऊ. मागच्या दारानं येत जा.

मी पुढची पायरी चढले. तेव्हा म्हणाला, "नादार म्हणून नाव लागलं तर या भंडाऱ्यात तुला कोणी खोली देणार नाही."

माझ्या तोंडून निघालं, "आता तरी कोण देऊन राहिलं?"

त्याला आजवर मी मालक म्हणत होते. त्या वाक्यात म्हटलं नाही. ते त्यालाही कळलं.

आत माझी यादी भर कोर्टात वाचली. लोक ऐकत होते. दोन लुगडी, एक फाटकं. घरमालकाचा वकील म्हणाला, हिनं सोनं लपवलं आहे. जज्जसाहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "साहेब, सोनं असतं तं नवऱ्याले दूध पाजलं असतं." घाम पाठीवरून वाहत होता. पण आवाज कापला नाही.

दोन-तीन तारखांनंतर कोर्टानं मला नादार ठरवलं. जप्ती थांबली. पुढे त्या देण्यातूनही कोर्टानं मोकळं केलं. खोली गेलीच. वैनगंगेच्या काठाजवळ माझ्या भावाच्या पडवीत बांबूच्या तट्ट्याची भिंत लावून राहिलो. नवरा तिथेच गेला, पुढच्या हिवाळ्यात. जाताना त्याच्या खाली गोधडी होती आणि ती ओढायला कोणी आलं नाही.

भीती अजून आहे. दार वाजलं की छातीत धडधडतं, खोटं कशाला सांगू. पण वस्तीत कोणाच्याही नावाचा कोर्टाचा कागद आला की मी तो आधी स्वतः वाचते. मग त्या माणसाला घेऊन कोर्टात जाते, तारखेला, वेळेवर. समोरचा कितीही मोठा असो. धमकी दिली की मी एकच विचारते, कुठं लिहिलं आहे? दाखव. कागदावर दाखवल्याशिवाय यापुढे कोणाच्याही शब्दाला मी घाबरणार नाही, आणि माझ्या वस्तीतल्या एकाही बाईला घाबरू देणार नाही.