बंद तरीचा कागद

धरमतरच्या खाडीतल्या एका लहानशा बेटावर आमचं गाव होतं. बाहेर पडायला वाट एकच, माझ्या वडिलांची तर. शिडाची, वीसेक माणसं मावतील अशी होडी. मिठागरावरचे लोक, पेणच्या बाजाराला निघालेल्या बायका, बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या पोरी, सगळ्यांचं येणंजाणं तिच्यातूनच. वडील तापानं गेले तेव्हा मी गावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. दिवस उरकले आणि दुसऱ्या सकाळी आई जाऊन सुकाणूवर बसली. वडिलांबरोबर ती वर्षानुवर्षं खाडीत जात होती, त्यामुळे गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कचेरीला वाटलं. परवाना वडिलांच्या नावावर होता, तो संपला. तर बंद ठेवावी, बाईमाणसाला ती चालवता येणार नाही, असा कागद आला. आम्ही दोघी पेणला कचेरीत गेलो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "घरात पुरुष कोणी नाही?"

"नाय," आई म्हणाली. "पर खाडी हाय, नि मी हाय."

अर्ज नामंजूर झाला. आईनं होडी बांधून ठेवली नाही. उतारू घ्यायची, पण उताराचे पैसे मात्र कोणाकडून घ्यायची नाही. कचेरीचा शिपाई बघायला आला की सांगायची, "तर बंदच हाय. ही माझी होडी, नि हे माझे शेजारी."

मग निवडणूक आली. मतदानाच्या आदल्या दुपारी बाजार करून आलेल्या बायका होडीत बसल्या होत्या, मीही होते. तेवढ्यात मतपेट्या घेऊन माणसं धक्क्यावर आली. पुढे तेच साहेब.

"बाई, आम्हाला पलीकडे सोडा."

"तर बंद हाय साहेब. तुमचाच कागद हाय."

ओहोटी लागली होती. अर्ध्या तासात पाणी उतरलं असतं आणि कमरेएवढा चिखल उरला असता. साहेब पोलिसांचं नाव घेऊ लागले. आई शांतपणे म्हणाली, "बोलवा. ते येईस्तवर आमी गावात असू. तिथं यायला त्यांनाबी हीच होडी लागंल."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सरकारी नोकर ना? समजवा आईला."

नोकरी लागून चार महिने झाले होते. तरी मी पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, "गावची तर आईनं चालवावी, असं मी लिहिते. तुम्ही सही करा."

त्यांनी उतरतं पाणी पाहिलं. मग म्हणाले, "तात्पुरती, असं लिहा."

मी तो शब्द लिहिला नाही. त्यांनी वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

"बसा," आई म्हणाली. "पेट्या मधी ठेवा."

पुढे दोन वर्षांसाठी माझी बदली रोह्याकडच्या एका आडगावात झाली. का झाली ते मला ठाऊक होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आईला रीतसर परवाना मिळायला तेवढाच वेळ लागला. तोवर त्या वहीच्या पानावर तिनं होडी चालवली, नंतर इंजिनाची लाँच आली तीही चालवली. खाडीवर पूल झाला त्या दिवशी उद्घाटनाची माणसं यायच्या आधीच ती चालत पलीकडे गेली. हवालदारानं हटकलं, तर न थांबता म्हणाली, "बाजाराला चाललेय."