आईला टोचणारी झांज

भजन लागलं की आई मटारांचं ताट उचलून स्वयंपाकघरात निघून जायची. मला ते बघवेना. बाबांनी हौसेनं डॅक आणला होता, मोबाइलमधल्या गाण्यांचा आवाज स्वच्छ करणारी एक छोटी पेटी, आणि तिला धारदार आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. वयामुळे बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांना सगळं लख्ख हवं. तो लख्खपणा आईच्या कानात टोचायचा.

"ही सरळसरळ हद्दपारी आहे," मी बाबांना सुनावलं.

"अगं, नाहीतर मला झांज ऐकू येत नाही!"

"आणि बायको बाहेर गेलेली चालते?"

काल बाबांनी डॅक तोच ठेवला, पण माळ्यावरचा जुना, आवाजात ऊब असलेला अ‍ॅम्प्लिफायर काढून जोडला. आई दारात थबकली, थोडं ऐकलं आणि ताटासकट त्यांच्या शेजारी येऊन बसली.

बारकावे हवेतच, माझ्या कामात मीही बारकाव्यांसाठी रोज भांडते. पण ज्या स्पष्टपणामुळे जवळचं माणूस उठून जातं, तो घेऊन करायचं काय?

बाबा मान पुढे काढून ऐकत होते. "झांज आली का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आली की!" आई म्हणाली, आणि झांजेच्या प्रत्येक ठोक्याला त्यांच्या मनगटावर अलगद बोट टेकवत राहिली.