थोरल्या साडूंचा नळ

माझ्या थोरल्या साडूंइतका नळावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. झालाच तर त्याला कुणी मुलगी देणार नाही. साडूंना मुलगी मिळाली ती केवळ हा प्रकार आधी कळला नाही म्हणून. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी, दोन खोल्यांचं स्वतःचं घर, सुपारीचंही व्यसन नाही, एवढं पाहून आमच्या सासऱ्यांनी आपली थोरली लेक, म्हणजे आम्हा सगळ्यांची आक्का, त्यांना देऊन टाकली. दिवाळसणाला जावई घरी आले. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, रांगोळीच्या पाटावर कुणीच नाही, आणि जावई नव्या धोतराचा काचा मारून मोरीत उकिडवे बसलेले. "आटे झिजलेत," त्यांनी आतूनच कळवलं, "ओवाळून घ्या तोवर कुणालातरी." त्या दिवशी आक्का रडली म्हणतात. पुढे तिला रडायची सवय राहिली नाही, कारण मोरीत बसलेल्या नवऱ्याला हाका मारण्यातच सगळा दिवस जायचा.

दुसऱ्याच्या घरात शिरलं की लोक भिंतीवरचे फोटो बघतात, साडू नळ बघायचे. आमच्या भाचीचं पिंपळगाव बसवंतला जमत आलं होतं. द्राक्षवाले लोक, हायवेला लागून मोठा बंगला, पुढे दोन टेम्पो उभे. आम्ही मंडळी घर बघायला गेलो. बाकीचे सोफ्यावर बसून खोल्या मोजत होते, तेवढ्यात हे हात धुवायला म्हणून आत गेले ते पाऊण तासाने बाहेर आले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "सहा नळ आहेत. दोन सुतळीने आवळलेत, एकाला चिंधी बांधलीय. घरात पाच पुरुष आणि पाना एकाच्याही हातात नाही. पोरीने सगळं एकटीने करायचं असेल तर खुशाल हो म्हणा." मला वाटलं, जमलेलं मोडलं. तर आतून मुलाची आई पदर खोचत बाहेर आली आणि नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दहा वर्षं झाली, मी यांना हेच सांगते!" साडूंनी नवऱ्या मुलाला तिथेच उठवलं, मोरीत नेलं आणि त्याच्याकडून सहाही नळांचे वायसर बदलून घेतले. मुलगा पास झाला, लग्न झालं, आणि त्या विहीणबाई आजही साडूंचा विषय निघाला की हात जोडतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ते रबरी वायसर असायचे, म्हणजे नळ बंद केला की आतलं भोक दाबून धरणाऱ्या त्या छोट्या चकत्या. एकदा गणपतीत आरतीच्या ताटात त्यांनी रुपया म्हणून वायसर टाकला आणि वर नमस्कारही केला. गुरुजींनी तो उचलून बघितला, घरी नेऊन नळाला बसवला आणि दुसऱ्या दिवशी अजून एक मागितला. घराच्या गॅलरीत त्यांनी एक सांगाडा उभा केला होता. आक्काच्या शिलाई मशीनची मोटर काढून त्याला जोडलेली, आणि ती मोटर एक नळ दिवसभर उघडायची, बंद करायची, उघडायची, बंद करायची. नळ किती दिवसांनी दम टाकतो ते बघायचं होतं. शेजारच्या बाईंनी आक्काला विचारलं, "तुमच्याकडे कांडप घातलंय का हो?" आक्का म्हणाली, "नाही हो, आमचे हे नळाला थकवताहेत." तिचे ब्लाउज त्या वर्षी बाहेरून शिवून आले.

नव्वदच्या दशकात कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. लोक हवालदिल झाले, आणि साडू मात्र पेढे घेऊन माझ्याकडे आले. अंबडला एक पत्र्याची शेड घेतली, एक जुनं लेथ बसवलं आणि नळ करायला लागले. त्यांचं म्हणणं साधं होतं. "नळ बिघडणारच. माणूस बिघडतो, नळाचं काय घेऊन बसलात? प्रश्न एवढाच, की बिघडल्यावर तो कोण उघडणार. हे आधी ठरवायचं, नळ नंतर करायचा." एका मोठ्या कारखानदाराचा माणूस त्यांच्याकडे आला होता. त्याला असा नळ हवा होता, की आतलं सगळं एका बंद डबीत, बिघडलं की डबी फेकायची, नवी आणायची. साडूंनी त्याला चहा पाजला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "वापरून फेकायच्या वस्तू हव्यात तर पत्रावळ्या लावणाऱ्याकडे जा. मी नळ करतो." तो माणूस बिचारा बिस्किट अर्धं टाकून उठला.

मी त्या वेळी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि पाण्याच्या तक्रारींचे कागद माझ्या टेबलावरून पुढे सरकायचे. सरकायचे म्हणजे मीच सरकवायचो, त्यापलीकडे माझं कर्तृत्व नव्हतं. त्यातच पेठच्या पुढल्या घाटातल्या एका पाड्याचा कागद होता. वर डोंगरात झऱ्यावर टाकी, खाली पाड्यात सहा तोट्यांचं नळकोंडाळं. तोट्या दर वर्षी मोडायच्या, मग बाया पाइपात लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्या गळायच्या, आणि सकाळी नऊलाच टाकी रिकामी. पुढे दिवसभर दरीतल्या ओहोळावरून हंडे वाहायचे. मी हे साडूंना नुसतं बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने माणूस पेठला रवाना.

पावसाळ्याआधी त्यांनी तिथे आपले सहा नळ बसवले. जाड पितळेचे, दणकट, आणि कुणी पितळेसाठी चोरू नये म्हणून वरच्या नटाला पाच कोन. असा पाना बाजारात मिळतच नाही. साडूंनी तो स्वतः केला आणि पाड्यात पाणी सोडणाऱ्या माणसाच्या हवाली केला. या युक्तीवर ते इतके खूश होते, की आक्काला पाच कोनांच्या शंकरपाळ्या करायला सांगितल्या. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही दोघं पाड्यात गेलो तर सहापैकी चार नळ धो धो वाहत होते. वायसर झिजले होते, दुसरं काही नाही. दोन मिनिटांचं काम. पण पाणी सोडणारा माणूस दिवाळीनंतर बायकापोरांसह द्राक्षांच्या बागेत कामाला गेला होता, आणि पाना त्याच्या करगोट्याला. जबाबदारीचा माणूस, पाना कुणाकडे देऊन जाईल कसा?

पाणी भरणाऱ्या बायांमध्ये भागीबाई म्हणून एक उंचशी बाई होती, तिचा शब्द तिथे चालायचा. साडू मान खाली घालून उभे होते. तिने रिकामा हंडा खाली ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "नळ बेस हाय, दादा. पन त्यो तुमचा हाय. आमचा नाय." साडूंचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. नोकरी सुटली तेव्हा तर त्यांनी पेढे वाटले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, घट्ट धरायला तुमच्या घरात काय असतं?" भागीबाई घरात गेली आणि चुलीवरचं भांडं उतरवायची सांडशी घेऊन आली. साडूंनी ती हातात घेतली, उघडली, मिटली, आणि पुन्हा उघडली. मग विचारलं, "सगळ्यांकडे आहे?" "सांडशीबिगर घर असतं का?" भागीबाई हसली.

पुढचा दीड महिना साडू अंबडच्या शेडमधून हलले नाहीत. आक्काची सांडशी त्यांनी पहिल्याच दिवशी पळवली होती, माझ्या बायकोची दुसऱ्या दिवशी, आणि समोरच्या घरातली मागून आणली ती परत दिलीच नाही. कुठल्याही सांडशीच्या तोंडात बसेल असा नट करायचा होता. आणि खरी मेख पुढेच होती. टाकी वर डोंगरात. एका वायसरसाठी तिथवर चढून पाणी बंद करायला कोण जाणार? म्हणून नळाच्या पोटात त्यांनी एक सुटी पितळी टोपी घातली. वरचा भाग काढला की ती टोपी पाण्याच्याच जोराने वर येऊन भोक बंद करते, भाग बसवला की खाली दबते. "पाण्यालाच पहाऱ्याला बसवलंय," ते म्हणाले. पहिल्या खेपेला पहारेकरी झोपला आणि साडू नखशिखान्त भिजले. सातव्या खेपेला मी भिजलो. नवव्या खेपेला कुणीच भिजलं नाही, आणि आम्ही दोन प्रौढ गृहस्थ त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांना मिठी मारून नाचलो.

तोवर कचेरीत निराळीच हवा होती. आमच्या साहेबांनी ठरवलं होतं, की डोंगरातल्या सगळ्या पाड्यांना ते डबीवाले बंद नळ बसवायचे आणि दुरुस्तीला वर्षातून दोनदा शहरातून माणूस पाठवायचा. मधले महिने बायांनी काय करायचं, ते फायलीत लिहिलेलं नव्हतं. उभ्या नोकरीत मी पहिल्यांदाच कागद सरकवला नाही, तो घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "येतो बघायला. पण तुमच्या साडूंनी नळाला बोट लावायचं नाही." साडू म्हणाले, "बोट कशाला? मी हात मागे बांधून उभा राहतो." त्या पाड्याचं, आणि तसल्या सगळ्याच पाड्यांचं पाणी त्या एका दिवसावर येऊन ठेपलं.

होळीचे दिवस होते. आदल्या दिवशीच साडूंनी पाड्यात नवे सहा नळ बसवले होते, मुद्दाम झिजलेले वायसर घालून. कामाला गेलेली माणसं परतली होती आणि नळाभोवती सगळा पाडा जमला होता. पाणी सोडणारा गडीही पाच कोनी पाना उंच धरून पुढे आला, "पाना हाय माझ्यापाशी!" भागीबाई म्हणाली, "राहू दे कमरेलाच." साडू खरोखरच हात मागे धरून उभे होते आणि खालचा ओठ दातांनी असा चावत होते की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. भागीबाईने सांडशी लावली. नट फिरला. पाण्याचा एक फवारा उडाला तो नेमका साहेबांच्या शर्टावर, बाया ओरडल्या, आणि पाणी थांबलं. आपोआप. वर डोंगरात टाकी भरलेली, खाली नळ उघडा, आणि पाणी थांबलेलं. तिने झिजलेला वायसर काढला आणि नव्यासाठी इकडेतिकडे बघितलं. साडूंनी खिसा त्या दिवशी मुद्दाम रिकामा ठेवला होता. बाया अनवाणी, साहेबांच्या पायांत कातडी बूट. साडू माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "काढा." माझी रबरी स्लिपर नवी होती हो, आठ दिवसांपूर्वी मेन रोडवरून घेतलेली! भागीबाईने विळ्याने स्लिपरच्या टाचेचा तुकडा घेतला, जुना वायसर वर ठेवून गोल कापला, खिळा तापवून मधोमध भोक पाडलं, बसवला, नट आवळला. हंडा लावला, भरला, नळ बंद केला. साहेबांनी तोटीखाली तळहात धरला. आम्ही सगळे त्या तळहाताकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने साहेबांनी हात उलटा केला आणि शर्टाला पुसायला गेले, तर हात कोरडा आणि शर्टच ओला.

मग जी काही गंमत उडाली! प्रत्येक बाईला नळ उघडून बघायचा होता. म्हाताऱ्या पुढे, नव्या सुना मागे, सहाच्या सहा नळ खोलले गेले आणि पुन्हा बसवले गेले, आणि माझी दुसरी स्लिपरही कामी आली. साहेबांनी स्वतः सांडशी मागून घेतली आणि शाळेतल्या पोराच्या उत्साहाने नळ दोनदा खोलला. "हेच बसवायचे," ते म्हणाले, "सगळीकडे." साडूंनी तेव्हा कुठे हात सोडले. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ असं जेवण झालं, साडूंनी पाच भाकऱ्या खाल्ल्या, आणि एसटी स्टँडपर्यंत मी अनवाणी, पण राजासारखा चालत गेलो. पुढच्या काही वर्षांत डोंगरातल्या पाड्यापाड्यांत ते नळ गेले. साडूंनी नळाचा आराखडा कुणापासून लपवला नाही. ज्याच्याकडे लेथ आहे त्याने यावं, बघावं आणि करावं. आक्काने किती सांगितलं, निदान नळावर नाव तरी ओता, ते म्हणायचे, "नावाने पाणी थांबतं का?"

मी रिटायर झालो त्या वर्षी सहज त्या पाड्यात गेलो. भागीबाई आता नाही. नळकोंडाळ्यावर तिची सून सांडशी लावून वायसर बदलत होती, हात असे सराईत की आजूबाजूच्या बायांनी गप्पाही थांबवल्या नव्हत्या. मी विचारलं, "हे नळ कुणी केले, माहीत आहे का?" तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "कोनी म्हंजी? आमच्याकडं पयल्यापून असलेच नळ हायत. सासूनं शिकवलं मला." मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, भांडावंसं वाटलं.

साडूंचे हात आता थरथरतात, अंबडची शेड त्यांनी देऊन टाकली आहे. मी बिचकत बिचकत त्यांना सगळं सांगितलं, नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही म्हणालो. ते खुर्चीत पुढे सरकले. "पहिल्यापासून, असं म्हणाली?" मी हो म्हटलं. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. तसे ते इतके हसले की ठसकाच लागला, आक्का पाणी घेऊन धावली आणि त्यांनी तिलाही ते वाक्य ऐकवलं. "झालं," ते म्हणाले, "आता तिथे माझं काही काम उरलं नाही." बोलताना डोळे भरून आले होते. आनंदाने की कशाने, ते मी विचारलं नाही. मी तीस वर्षं रोज शेकडो कागदांवर स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्यातल्या एकाही सहीने कुणाचा हंडा भरला नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बराच वेळ बसून राहिलो.