दार वाजवून जाणारं गाव

आमच्या ऑफिसात भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. तो आणला होता कामाची यादी लिहायला. पहिले चार दिवस त्यावर खरोखर कामं होती. मग एकदा कुणीतरी बोललेलं एक वाक्य कोपऱ्यात लिहिलं गेलं आणि पुसायला जीव होईना. त्याच्या शेजारी दुसरं आलं. आता कामं वहीत असतात आणि बोर्डावर नुसती वाक्यं. नवा माणूस वाचून विचारतो, "हे काय?" आणि मग त्याचा चहा गार होतो.

ती वाक्यं सांगण्याआधी आम्ही कोण ते सांगते. बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला, टायरच्या दुकानावर आमची एक खोली होती. माणसं दोन. जगतापसर, ज्यांनी कॉलेजात बरीच वर्षं कंप्युटर शिकवला आणि मग नोकरी सोडून ही खोली घेतली. आणि मी, तहसीन. इंदापूरची. शिकले जर्मनीत, आणि सगळे नको म्हणत असताना परत आले. माझं म्हणणं एवढंच होतं, की शहरातल्या माणसाला पिझ्झा कुठवर आला हे फोनवर दिसतं, मग पळसदेवच्या बाईला जनावरांचा डॉक्टर कुठवर आला हे का दिसू नये?

नेमकं हेच काम आम्हाला मिळालं. एका दूध संघाला आजारी जनावरांच्या कॉलसाठी वेबपेज हवं होतं. जनावर निवडा, काय होतंय ते निवडा, बटण दाबा, कॉल डॉक्टरांच्या फोनवर. पाच गावं, तीन महिने, प्रयोग म्हणून. जमलं तर संघाची सगळी गावं. नाही जमलं तर खोली बंद करून सर पुण्याला जाणार होते. तिथं त्यांच्या मित्राची कंपनी त्यांची वाट बघत होती. माझीही सोय करतो म्हणाले होते. मला ती सोय नको होती.

•

बोर्डावरचं पहिलं वाक्य डॉक्टरांचं.

डॉ. लोंढे संघाचे पशुवैद्य. पाचही गावं त्यांचीच. पेज तयार झाल्यावर ते बघायला आले. मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी खोटा कॉल भरला, बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'तुमची नोंद झाली.'

डॉक्टर मान हलवत म्हणाले, "झ्याक हाय." मग फोन वरखाली करून बघितला. "पण ताई, ह्याचं इंटरनेट बंद दिसतंय की."

बंदच होतं. माझा कोड निरोप सर्व्हरकडे पाठवायचा आणि उत्तराची वाट न बघताच नोंद झाल्याचं सांगून मोकळा व्हायचा.

डॉक्टरांनी फोन परत दिला. "लई आशावादी यंत्र बनवलंय तुमी."

सरांनी मला नंतर समजावलं. ते कॉलेजातही असंच शिकवायचे म्हणे. "डबा एसटीत कंडक्टरकडं दिला म्हणजे पोचला का? गाडी सुटली एवढंच तुला माहीत. तुझी कामं कर, थांबून राहू नको, हे असिंक्रोनस. पण जेवला का, हे समोरच्याचा फोन आल्यावरच म्हणायचं."

•

मग मी कोडला वाट बघायला शिकवलं. बटण दाबलं की एक गोल फिरायचा, आणि उत्तर आलं तरच हिरवी अक्षरं.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन. "ताई, भिगवणला एका म्हशीला ताप आलाय."

"बरं मग?"

"अकरा वेळा आलाय."

गोल फिरताना बघून माणूस पुन्हा बटण दाबत होता. लिफ्टचं बटण दाबतात तसं. प्रत्येक दाबण्याला एक पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे नवा निरोप, आणि सर्व्हर इमानदार, त्यानं अकराही लिहून घेतल्या. एकदा दाबल्यावर बटण बंद होईल असं मी केलं.

डॉक्टर तोवर जाऊन आले होते. म्हणाले, "एकाच इंजेक्शनात अकरा ताप उतरवलं. कॉलेजात असं कुणी शिकवलं न्हवतं."

•

अब्बांचं इंदापुरात पाइपांचं दुकान आहे. माझ्या जर्मनीतल्या शिक्षणाचा त्यांना अभिमान आहे, पण गिऱ्हाइकांना नेमकं काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न. एका रविवारी त्यांनी विचारलंच.

"बेटा, दिवसभर तू नक्की काय करतेस?"

मी सोपं करून सांगितलं, "एक निरोप पाठवते. उत्तर येतं का बघते. नाही आलं तर का नाही आलं ते शोधते."

अब्बांनी आतल्या दाराकडे बघितलं. अम्मी आत चपात्या लाटत होती. आवाज खाली करून म्हणाले, "हे तुझी अम्मी तीस वर्षं करतेय. जर्मनीला न जाता."

•

एकदा डॉक्टर चुकीच्या गावाला गेले. चूक माझी.

त्यांच्या पेजवर गाव निवडलं की त्या गावाचे कॉल यायचे. त्या सकाळी त्यांनी आधी पळसदेव निवडलं, लगेच बदलून भिगवण केलं. भिगवणचं उत्तर झटकन आलं. पळसदेवचं रेंगाळत मागून आलं आणि भिगवणच्या यादीच्या जागी बसलं. आधी पाठवलेलं आधी पोचेल असं नसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डॉक्टरांना रस्त्यावर कळलं.

पळसदेवच्या यादीत एकही कॉल नव्हता. म्हणून भिगवणच्या नावाखाली पडदा कोरा. डॉक्टरांना वाटलं, भिगवण आज निरोगी आहे, मग पळसदेवला फेरी मारून येऊ. तिथं वेशीवरच एक वासरू पडलेलं सापडलं, पोट फुगून.

संध्याकाळी ते ऑफिसात आले. मी माफी मागायला उभी राहिले.

"बसा ओ. वासरू वाचलं." मग खुर्चीत टेकून म्हणाले, "पण पळसदेवच्या बाया म्हणत हुत्या, आमी कॉल केला हुता. तुमचा पडदा म्हणतो, केला न्हाय. आता मी विश्वास कुणावर ठेवू?"

हे वाक्य मी बोर्डावर लिहिलं. लिहिताना हसू मात्र आलं नाही.

•

कारण पळसदेवचा आकडा शून्य होता. पहिल्या दिवसापासून. चार गावांतून कॉल येत होते, आणि ज्या गावात जनावरं सगळ्यांत जास्त, तिथून काहीच नाही.

सरांना वाटलं, उजनी धरणाचं पाणी एवढं पसरलेलं, रेंज मिळत नसेल. मला ते पटेना. मी सर्व्हरच्या नोंदी चाळायला बसले. प्रत्येक गावाला आम्ही वेगळी लिंक दिली होती, त्यामुळं कोण कुठून आलं ते दिसायचं. आणि तिथं जे दिसलं त्यामुळं मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

ब्राउझर थोडा शिष्टाचाराचा असतो. आमचं पेज एका पत्त्यावर आणि सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर होता. अशा वेळी तो खरा निरोप पाठवण्याआधी एक छोटी विचारणा पाठवतो, 'आत येऊ का?' सर्व्हर 'ये' म्हणाला की मग निरोप. पळसदेवहून विचारणा आलेल्या होत्या. रोजच्या रोज. सर्व्हरनं प्रत्येकीला 'ये' म्हटलं होतं.

आत कुणीच आलं नव्हतं.

सर माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "अख्खं गाव दार वाजवून पळून जातंय."

ऑफिसात मी सगळे फोन वापरून बघितले. जुने, नवे, सरांच्या सासूबाईंचा. प्रत्येक वेळी निरोप पोचला. काहीही बिघडलेलं नसताना शोधायचं तरी काय?

•

प्रयोगाचा शेवटचा दिवस आला. संघाच्या व्यवस्थापकांनी सरांना सरळ सांगितलं होतं. "पळसदेवचा एक कॉल दाखवा. संध्याकाळचं दूध गोळा व्हायच्या आत. सगळ्यात मोठं गाव वापरत नसेल तर बाकीच्यांना मी काय सांगू?"

सरांनी सामान न्यायला टेम्पो सांगून ठेवला होता. मी लॅपटॉप घेतला आणि स्कूटीवरून पळसदेव गाठलं.

काठावर उभी राहून आधी फोन बघितला. रेंज भरलेली. पाणी उतरलं होतं, धरणात बुडालेलं जुनं देऊळ अर्धं वर आलं होतं. गावात विचारत सखुमावशींच्या गोठ्यावर गेले. पेज कसं वापरायचं ते गावातल्या सगळ्या बायकांना त्यांनीच शिकवलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

मावशी गायीजवळ बसल्या होत्या. गायीची कास सुजलेली, हात लावू देत नव्हती.

मी ओळख सांगितली. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजी ते बटन तुजं हाय व्हय? सकाळधरनं तीनदा केलंय. डॉक्टर रुसल्यात का काय आमच्यावर?"

"मावशी, माझ्यासमोर एकदा करून दाखवता?"

"दाखवती की. त्यात काय."

त्यांनी पदराला हात पुसला आणि पिशवीतून फोन काढला. एका बोटानं पेज उघडलं. गाय निवडली. कास सुजली, हे निवडलं. एकही चूक नाही. मी वाकून बघत होते. त्यांनी बटण दाबलं आणि माझी पापणी लवायच्या आत पेज बंद करून फोन पिशवीत टाकला.

"मावशी! बंद का केलं?"

"मग?"

"गोल फिरत होता ना अजून."

"फिरतोय तवर कट करायचं आसतंय." लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. "उचलल्यावर काय उपेग? डॉक्टरांनीच सांगितलंय, मिस कॉल द्या, मी बघतो. आमी सगळ्या तसंच करतो. म्या शिकवलंय ना."

मी तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसले. दार वाजायचं, सर्व्हर 'ये' म्हणायचा, आणि तेवढ्यात मावशी फोन कट करायच्या. निरोप निघायच्या आधीच त्याची गाडी रद्द. ऑफिसात आमच्यापैकी कुणीही तसं केलं नव्हतं, कारण आम्ही दोघं उत्तराची वाट बघणारी माणसं.

मावशींना समजावून सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण गावात किती बायकांना सांगणार? आणि खरं तर का सांगायचं? त्यांची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली. चुकत माझा कोड होता.

सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "पान बंद झालं तरी निरोप गेला पाहिजे. लिही."

पोत्यावरच लॅपटॉप उघडला. दोन बदल. निरोप इतका साधा केला की दार वाजवावंच लागू नये. आणि कीप-अलाइव्ह लावलं, म्हणजे माणूस पान मिटून निघून गेला तरी ब्राउझरनं निरोप पोचवूनच यायचं. मावशींनी मधे चहा आणला. पडद्यावर बघून म्हणाल्या, "एवढं बारीक लिहितीस, आन् माझं मोठं बटन चालंना व्हय गं?"

गावात दुधाच्या किटल्या बाहेर पडायला लागल्या होत्या.

"मावशी, आता करा. तुम्ही करता तस्संच."

मावशींनी गाय निवडली, कास निवडली, बटण दाबलं, कट केलं. फोन पिशवीत.

लॅपटॉपवर एक ओळ उमटली. पळसदेव. गाय. कास सुजली.

माझ्या फोनवर सर होते. त्यांच्या पडद्यावरही ती उमटली असणार, कारण ते म्हणाले, "आली." आणि लगेच पुढं, "संघात फोन करतो. आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगतो."

तेवढ्यात मावशींची पिशवी वाजायला लागली. त्यांनी फोन बाहेर काढला, लांब धरून नाव वाचलं. डॉ. लोंढे. तीन महिन्यांत पळसदेवला मिळालेलं पहिलं उत्तर.

मावशींनी कट केला.

"अहो मावशी, डॉक्टर होते!"

"ठावं हाय की." त्या गायीसाठी गरम पाणी ठेवायला उठल्या. "त्यांनी बी मिसच दिलाय. निघाल्यात आता."