फाटकावरचे काका

या हिंदी बोलणाऱ्या शहरात, राइट टाउन भागात माझं ऑफिस आहे; त्या इमारतीच्या फाटकावर साठीचे एक काका पहारा देत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनी मला फोनवर मराठी बोलताना ऐकलं, तेव्हापासून ते सलामाऐवजी नमस्कार करायचे. दर अर्ध्या तासाला मागच्या नाल्याकडे जायचे आणि शर्ट खोचत घाईने परतायचे. इमारतीतले संडास त्यांच्यासाठी नव्हते.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांची बाटली भरलेलीच दिसली.

"काका, पाणी काहून नाही पीत?"

"पिऊन जाऊ कुठं? घडीघडी नाल्याकडं गेलो का सुपरवायझर म्हणते, बुढाऊ काम टाळून राहिला."

मी त्यांना बळेच डॉक्टरकडे नेलं. साखर वाढलेली निघाली, प्रोस्टेटही. डॉक्टरांनी बजावलं, पाणी तोडू नका, लघवी रोखू नका. काकांनी तो कागद मोठ्या आशेने सुपरवायझरला दाखवला. तो म्हणाला, "बीमार आदमी गेट पर नहीं चलेगा." आणि त्याच आठवड्यात त्यांना काढलं.

मी जाऊन भांडलो. त्याने विचारलं, "आपके क्या लगते हैं?"

काका फाटकावर राहिलेली छत्री न्यायला आले तेव्हा म्हणाले, "बिमारी तर होते जी. पण आजवर मले कोणी कामचोर नव्हतं म्हटलं."

आमचे मोठे साहेब त्यांच्याच वयाचे. एका मीटिंगमधून चारदा उठतात, आणि आम्ही सगळे अदबीने खुर्च्या सरकवून वाट देतो.