सुमनताईची दरवाढ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणला ऑफिसात होतो. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता सभा लावता येईल. रडू नंतर आलं. पाच आठवडे झाले, तिची आठवण काढायला बसलो की आधी तो विचारच येतो आणि मला एका जागी बसू देत नाही.

सुमनताई माझी चुलत बहीण, निवृत्त अंगणवाडी सेविका आणि आमच्या वीज संस्थेची अध्यक्ष. आमची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी. विजेचे खांब जंगल ओलांडून तिथवर आलेच नाहीत, तेव्हा ताईने घरोघर फिरून सहकारी संस्था उभी केली. शाळेमागे सौर पॅनेलं, एका खोलीत बॅटऱ्या, आणि घरटी एक मत. बौद्धवाड्यातल्या आम्हा नोकरदारांचं जेवढं, तेवढंच कडेच्या कातकरी घरांचं, जी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मी सचिव, कारण मला कागद लिहिता येतात.

यंदा बॅटऱ्या थकल्या. दिवे आठालाच मान टाकू लागले. नव्या घ्यायच्या तर दर वाढवणं भागच होतं. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली, पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेनंतरचा रविवार धरला आणि भट्टीवर गेलेल्यांच्या बंद दारांवर ती चिकटवून मोकळा झालो. ताईने ती पाहिली आणि तरातरा माझ्या ओट्यावर आली.

"कुलपाला वाचता येतं काय रे?"

"ताई, नियमाला धरून आहे. गणपूर्तीही होतेय."

"नियम मीच केलेत. ती माणसं परत येतील नि दर वाढलेला बघतील, तेव्हा तोंड कुठं लपवू?"

तिने सभा पुढे ढकलली. मी चिडलो, तुझ्या चांगुलपणापायी वाडी अंधारात बसेल म्हणालो. ती पुढच्या रविवारी एसटीत बसली, मलाही ओढून नेलं... पडघ्याकडच्या भट्टीवर. मी दरांचा छापील तक्ता नेला होता, तो कुणी पाहिलाही नाही. ताईने विटांच्या थप्पीच्या सावलीत बैठक मारली.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "दर कमी ठेवला, समदी बरं म्हणायची, मला गोड वाटायचं. बॅटरी कधीतरी मरणार ठावं होतं, तरी बाजूला काय ठेवलं नाय. आता दर वाढवायला लागंल. पटत नसंल तर नाय म्हणा, पण समजून म्हणा."

अध्यक्षाने असं बोलायचं असतं का! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आमच्या कडेच्या कातकरी घरातली जनी पुढे आली, हात मातीने भरलेले.

"ताई, आमी सहा महिने इथं. बंद घराचं पण वाढीव द्यायचं?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी पटकन म्हणालो.

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जने, ह्ये सभेत इचार गो. तू आल्याबिगर सभा नाय."

परतताना मी तिच्याशी बोललो नाही. उरलेल्या भट्ट्यांवर ती एकटीच गेली, भर उन्हात. शेवटच्या फेरीनंतर काही दिवसांतच मला तो फोन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. मी मान डोलावली. पण मी सोबत असतो तर... हे कुठल्या डॉक्टरला विचारू?

आता कमिटीवाले रोज मागे लागलेत, "सचिव, लावा ना सभा, कोण अडवतंय?" कोणी नाही. संस्थेचे कागद आणायला ताईच्या घरी गेलो, तर सभेसाठी केलेली वही सापडली. पहिल्याच पानावर, मुलांना गिरवायला द्यावं तशा मोठ्या अक्षरात, जनीचा प्रश्न. खाली 'उत्तर' आणि पुढे कोरी जागा. म्हणजे ताईलाही ठाऊक नव्हतं! म्हणूनच तिला जनी समोर हवी होती. मी दोनदा पेन उघडलं. माझं उत्तर तर तयारच होतं. लिहवलं नाही.

कमिटीला सांगितलंय, सभा पावसाआधी, भट्ट्या बंद होऊन माणसं परतल्यावर. वाडी माझ्यावर खार खाऊन आहे, खाऊ दे. उद्या रविवार, सकाळच्या एसटीने पडघ्याला निघतोय. जनीला ताई गेल्याचं अजून कुणीच सांगितलेलं नाही. ते मलाच सांगायचंय, आणि सभा झालेली नाही, हेही.